स्पर्धेतले रोबो एकसारखे का दिसतात?

कुणीतरी म्हटलंय, स्पर्धेतली मुलं यूट्यूब बघून नक्कल करतात म्हणून सगळे रोबो एकसारखे. मला ते अर्धंच पटतं. गुणांचं कोष्टकही बघा. एफआरसी या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत दरवर्षी नवा खेळ असतो. २०१७च्या स्टीमवर्क्स या खेळात, मुलं स्वतः रोबो चालवतात त्या टप्प्यात, गिअर (दातेरी चाकं) पोचवून एक रोटर (फिरतं चक्र) फिरला की ४० गुण. तेवढ्याच गुणांसाठी त्याच टप्प्यात उंचावरच्या गोलमध्ये १२० चेंडू टाकायचे! साहजिकच बहुतेकांनी गिअर धरला. उलट २०१५च्या रीसायकल रशमध्ये दोन्ही बाजूंची मैदानं वेगळी, धडकाधडकी नाही, रोबोभोवती बंपरची (धक्का झेलणाऱ्या गादीची) सक्ती नाही. मग दोन्ही बाजूंच्या मधल्या पायरीवरचे डबे आधी पळवायला काय काय लांबलचक हात निघाले! प्रेक्षकांना तो खेळ कंटाळवाणा वाटला, ते वेगळं. म्हणून मुंबईतल्या पोरांना लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पिटाळण्याआधी नियमावलीसमोर बसवा.