चाळ पाडण्याआधी खोलीची नोंद: ७० वर्षांच्या वास्तूला पुरातत्त्व म्हणायचं का?

परळकर१२
परळमधली १९५०च्या सुमाराची चाळ पुनर्विकासाला चालली आहे. खोल्या रिकाम्या झाल्यावर हातात तीन आठवडे आहेत. कायदा पुरावशेष मानतो तो १०० वर्षांपुढचा. इथे तर फोटो आहेत, भाडेपावत्या आहेत, माणसंही हयात आहेत. मग खोली उत्खननासारखी तपासण्यात अर्थ आहे का? सुरुवात कुठून करायची?

थरावरथर
१०० वर्षांची अट संरक्षणाची, अभ्यासाची नव्हे. आणि माणसं हयात आहेत म्हणूनच करा, ताडून तरी पाहता येतं. ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथ्जे यांनी १९७३ पासून टूसॉन शहरातला घरगुती कचरा निवडून पाहिला. लोक तोंडी सांगत त्यापेक्षा बियरचे डबे-बाटल्या बऱ्याच जास्त निघाल्या. पोटमाळा कधी घातला, ओटा कधी आला, याच्याही आठवणी अशाच सरकतात. काजळी जमिनीलगत सुरू होऊन ओट्यामागे गेलेली दिसली, तर शेगडी आधी खाली होती आणि ओटा मागाहून आला.

पहिली गोष्ट: खोली झाडू नका. दारातून आत तोंड करून डावीकडून भिंतींना अ, आ, इ, ई अशी नावं द्या. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, सोबत १ मीटरची पट्टी आणि खोली क्रमांकाची पाटी. नकाशा १:५०. खिळे, खुंट्या, देवाच्या फळीच्या खुणा, सगळ्यांची उंची जमिनीपासून मोजा.

रंगाचे थर दाराच्या चौकटीवर पाहा. भिंत रंगाऱ्याने दरवेळी खरवडलेली असते, तिथे अर्धे थर गेलेले असतात. रुपयाएवढ्या जागेवर १२० नंबरचा वॉटर पेपर, मग २४०, शेवटी ४००. कडांना उतार ठेवला की वर्तुळं उमटतात, मधलं सर्वांत जुनं. कोरडं घासायचं नाही, जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं.

खुंटीवरचा
सालासाठी दोन खुणा. ‘नया पैसा’ असं लिहिलेली नाणी १९५७ ते १९६४ मधली. पत्त्यात ‘मुंबई १२’ असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचा, ‘४०० ०१२’ असेल तर नंतरचा. पोटमाळ्याच्या फळ्यांखाली नाणं सापडलं की फळ्यांचं सालही कळलंच.

थरावरथर
नाही कळत. फळ्यांच्या फटीतून नाणं कधीही पडतं. लादीखालच्या चुन्यात रुतलेलं असेल, तर लादी त्या सालानंतरची. किती नंतरची, ते त्यावरून ठरत नाही. पत्त्याचंही अर्धंच खरं. पिनकोड असेल तर नंतरचा हे पक्कं, पण जुनी छापील पावतीपुस्तकं संपेपर्यंत वापरली जातात.

परळकर१२
माळ्यावर पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, टॉर्चचे सेल, पत्र्यांचे तुकडे आहेत. उचलायचं का?

खुंटीवरचा
पत्रं आणि चिठ्ठ्या त्या कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय नाही. जागेचा फोटो काढा, मजकूर वाचता येणार नाही असा. सेल वेगळ्या पिशवीत, गळले की शेजारचं सगळं खातात. पिशवीच्या लेबलवर पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनची शाई उडते. पत्रे सिमेंटचे असतील तर हात लावू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं. तुकडा मोडून ‘आत काय आहे’ ते तर अजिबात पाहायचं नाही.