सोयीचा प्रश्न असेल तर पुरुषांना का नको?

वाळूवरच्या खेळांत बायकांना तोकडे कपडे घालायला लावतात, त्यावर कुणी म्हणतं, 'वाळूत कमी कपडेच सोयीचे, यात लिंगभेद कुठून आला?' मग त्याच वाळूत पुरुषांची गैरसोय होत नाही का? बीच हँडबॉलचा, म्हणजे वाळूवर खेळायच्या हँडबॉलचा, जुना नियम बघा: पुरुषांची शॉर्ट्स गुडघ्याच्या 10 सेंटिमीटर वरपर्यंत चालायची. बायकांना मात्र बिकिनीच, तीही कडेला जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर रुंद! म्हणजे पट्टी घेऊन मोजायचं कुणीतरी. 2021 साली युरोपियन स्पर्धेत नॉर्वेच्या मुली शॉर्ट्स घालून उतरल्या, तर संघाला 1500 युरो दंड. बोंबाबोंब झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला खरा, पण बायकांची पँट आखूड आणि घट्ट हवी, हे कलम राहिलंच.

आणि सगळ्यांनी अंग झाकावं असं कुणीच म्हणत नाहीये. 2021 च्या जुलैत टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन महिला जिम्नॅस्ट घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरल्या, त्यांचंही म्हणणं एवढंच की काय घालायचं ते आम्ही ठरवू. त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या एका स्पर्धेत पॅरालिंपिकपटू ऑलिव्हिया ब्रीनला तिची धावण्याची शॉर्ट्स फार तोकडी आहे म्हणून एका अधिकारी बाईंनी टोकलं. ती तर म्हणे तशीच शॉर्ट्स कित्येक वर्षं वापरत होती. आता यात सोय नेमकी कुणाची बघितली?