त्स्काल्टुबोचे फोटो आणि आत राहणारी माणसं

वर कोणीतरी लिहिलंय की त्स्काल्टुबोच्या सॅनिटोरियमचे फोटो काढताना फ्रेममध्ये माणसं नकोत, पडक्या इमारतीचा फील जातो. मला हे अजिबात पटत नाही. जॉर्जियातल्या त्या इमारती सोव्हिएत काळात उपचारांना, हवापालटाला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या, आणि १९९२-९३ च्या, जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझिया प्रदेशाच्या युद्धातून जीव वाचवून आलेली कुटुंबं तिथे एकेका खोलीत वर्षानुवर्षं राहिली, मग त्यांनाच वगळून आपण नक्की कशाचा फोटो काढतोय? राजधानी तिबिलिसीचं इवेरिया हॉटेल बघा, २००४ पर्यंत तिथे हेच विस्थापित राहायचे, बाल्कन्या प्लायवूड, पत्रे, मिळेल ते ठोकून बंद केलेल्या, बाहेरून अख्खा टॉवर ठिगळं लावल्यासारखा दिसायचा. त्या इमारतीची खरी गोष्ट त्या बाल्कन्यांतच आहे.

आणि त्यासाठी पुण्याहून जॉर्जियाच गाठायला हवं असंही नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, युद्धानंतर तिथल्या बराकींमध्ये फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांना ठेवलं. मी तिथे एका बराकीची बाहेरची भिंत टिपत होतो तर आतून एक आजी आल्या, म्हणाल्या भिंतीचं काय काढतोस बेटा, आत ये. आत त्यांनी वरच्या वाशातला एक गंजका खिळा दाखवला, त्याला गोणपाटाचा पडदा असायचा, अलीकडे आम्ही आणि पलीकडे दुसरं कुटुंब. हे बाहेरून कधीच कळलं नसतं. तेव्हा आधी विचारा, मगच कॅमेरा काढा, आणि प्रिंट द्यायला परत नक्की जा, मोबाईलवर पाठवून भागत नाही.