सततची खाज, तेलकट कोंडा आणि नाजूक त्वचा: केटोकोनाझोल आग न होता कसं वापरायचं?

रानजाई

कोंडा वर्षभर असतो, थंडीत आणि पावसाळ्यात वाढतो. पिवळट, तेलकट, नखात अडकणारा. नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत आणि कानामागेही लाली आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी सेबोऱ्हिक डर्मटायटिस असं निदान करून 2 टक्के केटोकोनाझोलचा (बुरशी आणि यीस्ट कमी करणाऱ्या औषधाचा) शाम्पू दिला आहे. अडचण त्वचेची. शाम्पू पाच मिनिटं ठेवला की आग होते आणि दुसऱ्या दिवशी डोकं ताणल्यासारखं कोरडं पडतं. दोन मिनिटांत धुतला तर चार दिवसांत कोंडा परत. केस कमरेपर्यंत, पाणी बोअरचं, रोज हेल्मेट.

किती शाम्पू, किती मिनिटं, आधी साधा शाम्पू लावायचा का? तेल पूर्ण बंद करायचं का (घरात दिवाळीचं अभ्यंगस्नान चुकत नाही)? आणि लिंबू-दही, कापूर घातलेलं खोबरेल यांतलं काही चालेल का? कृपया कारणासकट सांगा, म्हणजे घरच्यांनाही समजावता येईल.

खलबत्ता

आग होते ती बहुधा केटोकोनाझोलची नसते. ज्या शाम्पूत ते मिसळलेलं असतं त्यातला कडक फेस, सुवास, आणि नखांनी आधीच सोललेली त्वचा ही नेहमीची कारणं. औषधी शाम्पूच्या बाटलीवर पुष्कळदा मुख्य औषधाचंच नाव छापतात, बाकीचे घटक लिहीत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांना विचारून औषध आणि टक्केवारी तीच ठेवायची आणि कंपनी बदलून पाहायची, हा सोपा मार्ग. झिंक पायरिथिऑन किंवा सॅलिसिलिक आम्ल ही कोंड्यावरची इतर द्रव्यं सोबत घातलेली मिश्रणंही दुकानात असतात. तुमच्यासारख्या त्वचेला ती नकोत. त्रास झालाच तर कशाने झाला ते कळत नाही.

धुण्याचा क्रम असा ठेवा. पाणी कोमट, मनगटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच. गीझरच्या कढत पाण्याने त्या वेळी खाजेला बरं वाटतं आणि तासाभरात ती दुप्पट होते. केस पूर्ण भिजले की आधी बिनवासाचा सौम्य शाम्पू लावून अर्ध्या मिनिटात धुऊन टाका. तेल, घाम आणि धूळ डोक्यात असताना औषधी शाम्पू लावला तर तो मळ काढण्यातच खर्च होतो. मग केस टॉवेलने नीट टिपा. इथे बहुतेक जण घाई करतात. पाणी निथळत असताना लावलेलं औषध पातळ होऊन पाठीवरून मोरीत जातं.

आता शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत सहा-सात भांग पाडा. आखूड केसांना 5 मिली, म्हणजे एक छोटा चमचा पुरतो. तुमचे केस लांब आणि दाट आहेत, तर 10 मिली घ्या. थोडा थोडा शाम्पू प्रत्येक भांगेत थेट त्वचेवर टेकवायचा आणि बोटांच्या पेरांनी पसरायचा, नखं लावायची नाहीत. केसांच्या लांबीला मुद्दाम चोळू नका. धुताना उतरेल तेवढा फेस त्यांना बास आहे. कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या रेषेवर बोट फिरवायला विसरू नका. डोळे मिटून थोडा फेस भुवयांना आणि नाकाच्या कडांना लावला तर तिथलीही लाली कमी होते.

मिनिटं घड्याळ लावून मोजा. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात तीन, सोसलं तर तिसऱ्यापासून पाच. दोन मिनिटांत भागत नाही असं तुम्ही म्हणता, पण आधी धुऊन आणि टिपून घेतलेल्या त्वचेवरची तीन मिनिटं ओल्या तेलकट डोक्यावरच्या पाच मिनिटांपेक्षा जास्त काम करतात. धुताना डोकं मागे झुकवा आणि पाणी किमान दोन मिनिटं घाला. कानामागे राहिलेला फेस हेही आग होण्याचं एक कारण असतं. कंडिशनर कानाच्या खालच्या केसांनाच.

आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन-तीन दिवस सोडून, असे चार आठवडे. नंतर आठवड्याला एकदा, मग पंधरवड्याला एकदा, आणि हे चालूच ठेवायचं. हा कोंडा वाढवणारी मॅलासेझिया नावाची यीस्ट प्रत्येकाच्या त्वचेवर कायम राहते. ती कमी होते, संपत नाही. डोकं स्वच्छ झालं म्हणून बाटली कपाटात गेली की महिना-दीड महिन्यात सगळं पुन्हा सुरू होतं, आणि मग लोक म्हणतात औषध लागू पडत नाही.

निरगुडी

खलबत्ता यांच्या क्रमाला एक जोड. त्वचा लालभडक, चिरलेली किंवा ओलसर असेल तर त्या अवस्थेत औषधी शाम्पू सुरू करू नये. डॉक्टर अशा वेळी आधी काही दिवस स्टेरॉइडचं लोशन देतात, दाह बसतो आणि मग शाम्पू सोसतो. लोशन सांगितलं तितकेच दिवस. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा आणायचं नाही, आणि डोक्याचं लोशन चेहऱ्याला तर मुळीच नाही. पू, मधासारखी पिवळी खपली, दुखरी गाठ दिसली तर जंतुसंसर्ग झाला आहे, तेव्हा लगेच दाखवा.

आता तेल. मॅलासेझियाला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत. ती आपल्या त्वचेच्या तेलातून घेते आणि मागे ओलिक आम्ल सोडते. ज्यांची त्वचा हळवी आहे त्यांना या ओलिक आम्लानेच खाज सुटते आणि त्वचेचे पापुद्रे वेळेआधी सुटू लागतात. तोच कोंडा. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, बाकीचीही बहुतेक मेदाम्लंच. तीळ, शेंगदाणा, मोहरी, बदाम, कुठलंही खाद्यतेल घ्या, यीस्टच्या दृष्टीने शिधाच. "कोरडं पडलंय, तेल थाप" हा सल्ला मायेने दिलेला असतो, पण या विशिष्ट आजारात रात्रभर मुरवलेलं तेल कोंड्याला खतपाणी घालतं. पहिले दोन दिवस बरं वाटतं, कारण सुटलेले पापुद्रे तेलाने चिकटून बसतात आणि दिसत नाहीत.

खोबरेल केसांना मात्र खरंच चांगलं. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. म्हणून पूर्ण बंद करायला नको: अर्धा चमचा तळहाताला चोळून कानाच्या खालच्या लांबीला, धुण्याआधी तासभर. टाळूला नाही. अभ्यंगाला अंगाला हवं तेवढं तेल लावा. डोक्याला शकुनापुरतं बोट टेकवा आणि त्याच न्हाणीत औषधी शाम्पूची पाळी ठेवा. मान राहतो आणि तेल तासाभराच्या आत निघून जातं.

जाड खपल्या मऊ करायच्या असतील तर बिनवासाचं लिक्विड पॅराफिन वापरा. ते खनिज तेल आहे, त्यात मेदाम्लं नाहीत, यीस्टला काही मिळत नाही. धुण्याआधी 20 ते 30 मिनिटं फक्त खपल्यांवर बोटाने. खपली उचकटायची नाही; खालची त्वचा रक्ताळते आणि पुढचा शाम्पू तिथेच झोंबतो.

लिंबू नको. त्वचेचा सामू (पीएच) साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 ते अडीच. खाजवलेल्या त्वचेवर तो भाजल्यासारखाच लागतो. खाण्याचा सोडा उलट टोकाचा, अल्कधर्मी, तोही नको. दही तितकं झोंबत नाही, पण त्यातही स्निग्धांश आहे आणि औषधाचं काम त्याने होत नाही. कापराने त्या घटकेला गार वाटतं म्हणून लोक भुलतात. सोललेल्या त्वचेला तो चुरचुरतो, आणि मुळात तो खोबरेलात घातलेला असतो. शिकेकाई लावायचीच असेल तर पूड थेट चोळू नका, तिचे खरखरीत कण टाळूवर ओरखडे काढतात. रात्री भिजवून, सकाळी उकळून, पातळ मलमलीतून दोनदा गाळलेलं पाणीच घ्या.

रानजाई

खूप स्पष्ट झालं, मनापासून आभार. घरी "शिधा" हा एकच शब्द पुरला. दोन शंका राहिल्या. बोअरच्या पाण्याचा यात किती वाटा? आणि महिन्यातून एकदा काळी मेंदी लावली जाते, ती चालू ठेवायची का?

निरगुडी

मेंदीचं पहिल्यांदा सांगते, कारण ती कळीची आहे. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये पुष्कळदा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिन, हा रंग असतो. नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत, तांबूसच होतात. काळेभोर झाले म्हणजे आत दुसरं काही आहे. पीपीडीची ॲलर्जी लावल्या लावल्या दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी कानाच्या पाळ्या, कपाळाची कड, मान आणि पापण्यांवर खाज, पुरळ, सूज येते. टाळूची त्वचा जाड, त्यामुळे तिथे कमी आणि पापणीसारख्या पातळ त्वचेवर जास्त. तुमच्या कानामागची लाली मेंदी लावल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत वाढते का, एवढं कॅलेंडरवर नोंदवा. तोवर मेंदी पूर्ण बंद. ॲलर्जी असेल तर दर वेळी ती आधीपेक्षा तीव्र होऊ शकते.

शाम्पूतला सुवास, मिथाइलआयसोथायझोलिनोन हे संरक्षक द्रव्य आणि कोकामिडोप्रोपिल बेटेन हा फेसकारक हेही ॲलर्जी करू शकतात. शेवटचा "सौम्य" आणि "बाळांसाठी" म्हणणाऱ्या बाटल्यांतही असतो. शंका असल्यास त्वचारोग विभागात पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढून वाचतात आणि साधारण 96 तासांनी पुन्हा वाचतात. दुसऱ्या वाचनाला जायचा कंटाळा करू नका, उशिरा उमटणाऱ्या ॲलर्जी तेव्हाच सापडतात. घरी शाम्पू तसाच्या तसा पट्टीखाली लावून पाहणं मात्र चुकीचं. धुऊन टाकायची वस्तू दोन दिवस दाबून ठेवली तर कुणालाही लाली येईल.

खलबत्ता

बोअरच्या जड पाण्याने कोंडा होत नाही, पण साबण वापरत असाल तर पाण्यातला चुना साबणाशी मिळून न विरघळणारा साका होतो. तो केसांच्या मुळांशी पांढरट बसतो, कोंड्यासारखाच दिसतो आणि खाजतोही. शिकेकाईच्या नावाने मिळणाऱ्या वड्याही बहुतेक साबणच. शाम्पूचा असा साका होत नाही, फक्त फेस कमी होतो. आणि फेस कमी झाला म्हणून शाम्पू जास्त ओतला जातो, तोच नीट धुतला जात नाही. ओतू नका. शेवटी दोन तांबे आरओचं पाणी डोक्यावरून घ्या, एवढ्याने फरक पडतो.

एक विनंती: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोन आठवडे द्या. मेंदी बंद, शाम्पू नवा, तेल बंद, आरओचं पाणी सुरू असं एकाच सोमवारी केलं तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही. अपवाद मेंदीचा, ती आजच थांबवा. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, काय लावलं, किती मिनिटं, खाज दहापैकी किती.

उत्तरवारा

युरोपात राहणाऱ्यांसाठी भर. युरोपीय संघात 1 मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनला बंदी आहे. त्यामुळे भारतात वापरत होता त्याच नावाच्या इथल्या बाटलीत घटक वेगळा असू शकतो, बहुधा पिरोक्टोन ओलामाइन. नाव तेच म्हणून गृहीत धरू नका, मागची बाजू वाचा. सेलेनियम सल्फाइड हे कोंड्यावरचं दुसरं औषध वापरायचं ठरलं तर चांदीच्या अंगठ्या काढून ठेवा, त्या काळवंडतात. पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांवरही छटा येते, म्हणून भरपूर धुवा.

निरगुडी

हा धागा वाचून इतर कुणी हाच शाम्पू स्वतःहून आणणार असेल तर त्यांच्यासाठी. खपल्या चंदेरी, जाड आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आल्या असतील, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे असतील तर सोरायसिस असू शकतो. त्याचे उपचार वेगळे. वर्षापुढच्या आणि वयात न आलेल्या मुलांना खरा कोंडा सहसा होत नाही, कारण त्या वयात त्वचेचं तेलच कमी. त्यांच्या डोक्यात खवडे, तुटलेले केस किंवा टक्कल पडल्यासारखी चकती दिसली तर तो गजकर्णाचा प्रकार समजा. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या शाम्पूने जात नाही. आणि खाज फक्त मानेपाशी आणि कानामागे असेल तर आधी उजेडात केस बघा: कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. गरोदर असाल तर कुठलाही औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारूनच.

रानजाई

मेंदी आजपासून बंद, वहीत रकाने आखले. हेल्मेटचं तेवढं राहिलं.

खलबत्ता

ओल्या केसांवर हेल्मेट घालायचं नाही, ओला अंबाडाही बांधायचा नाही. ऊब आणि ओल एकत्र आली की यीस्ट फोफावते. घाई असेल तर ड्रायर थंड हवेवर, वीतभर अंतरावरून, आधी मुळांशी. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला आणि तो रोज धुवा; दोन-तीन असले की जमतं. हेल्मेटचं अस्तर सुटं होत असेल तर आठवड्याला काढून सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुवा, दोनदा खळबळून काढा, कारण अस्तरात उरलेला साबण घामाबरोबर कपाळावर उतरतो. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. पावसाळ्यात त्याला दोन दिवसही लागतात, म्हणून अस्तराचा दुसरा जोड घेऊन ठेवा.