हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर ०.९१, ऑनलाइन उताऱ्यावर ०.११. काय करावं?

प्रश्न:
वडिलांच्या नावावर सव्वादोन एकर आहे. जुन्या सातबाऱ्यावर ०.९१ हेक्टर स्पष्ट लिहिलंय, ऑनलाइन मात्र ०.११, म्हणजे फक्त ११ आर. पीककर्जाला गेलो तर बँकेत म्हणाले, "अकरा आरावर एवढं कर्ज बसत नाही." वडील ७४ वर्षांचे. दोन दिवस धड जेवले नाहीत, जमीन गेली असंच धरून बसलेत. जुना कागद आता चालतच नाही का?

उत्तर (निवृत्त तलाठी):
दादा, आधी वडिलांना जेवायला घाला. लिहिण्याच्या चुकीनं मालकी जात नाही.

ही चूक कशी होते ते मी पाहिलंय. आमच्या सज्जाच्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांच्या, नोंदी संगणकावर चढवताना मी वाचायचो आणि एक पोरगा टाइप करायचा. वह्या घडीवर विरलेल्या, शाई उडालेली. ९ ची गाठ पुसली की तो १ च दिसतो. मी भिंग घेऊन बसायचो, तरी काही चुका राहिल्याच. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल काढा. ज्या फेरफारानं (हक्क बदलल्याच्या नोंदीनं) जमीन वडिलांच्या नावावर आली, त्याचीही काढा. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५ खाली लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्या. आदेश झाला की तलाठी फेरफार धरतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, मग उतारा बदलतो. एजंटाला पैसे देऊ नका.

आणि एक, गटाचं (त्या एका नंबराखालच्या सगळ्या जमिनीचं) एकूण क्षेत्र आणि सगळ्या खातेदारांची बेरीज जुळते का बघा.

उत्तर २:
हे आत्ताच उरकून घ्या. आता दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की फेरफाराची माहिती ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीतून थेट तलाठ्याकडे जाते. पूर्वी सूची दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घेऊन आपणच चावडीवर हेलपाटे घालायचो. ती सोय मोठी आहे, पण मूळ आकडाच चुकला असेल तर तोच पुढे सगळीकडे जातो. माझ्या बहिणीच्या वाटणीच्या वेळी हेच झालं.

प्रश्नकर्ता:
तलाठीभाऊ, बेरीज केली. गटाचं एकूण १.८२. चुलत्यांचं ०.९१ बरोबर आहे, आमचं ०.११. वडिलांनी चष्मा लावून वहीच्या कागदावर स्वतः दोनदा मांडून पाहिलं. ऐंशी आर कमी पडतात. आज जेवले. सोमवारी नकलेचा अर्ज देतोय, तेही सोबत येणार म्हणतात.