डोकं बंद पडलंय, कुठे चालायला जाऊ?

मंडळी, मदत हवी आहे. मी डिझायनिंगची कामं करते. निफाडच्या एका शेतकऱ्याच्या बेदाण्याच्या बॉक्सचं डिझाइन आठ दिवस अडलंय. द्राक्षाचा घड काढला की सगळ्यांसारखंच दिसतं, नाही काढला तर तो बेदाणा वाटत नाही!

रविवारी वैतागून मोबाइल घरीच ठेवला आणि इथली, नाशिकची पांडवलेणी चढले. कामाचा विचारही नव्हता. उतरताना पायऱ्यांवर अचानक सुचलं: घड नको, सुकलेल्या मण्याच्या सुरकुत्याच नक्षी म्हणून वापरायच्या. पण घरी येऊन कागद घेईपर्यंत रेषा कशा वळत होत्या तेच विसरले. (मोबाइल न नेण्याची हौस!)

आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञालाही अडलेलं कोडं सहलीला जाताना, बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता सुटलं होतं. मात्र आधी तो त्यावर कितीतरी दिवस झटला होता, हेही खरं.

तर विचारायचं असं, की सुचलेलं तिथल्या तिथे कसं टिपता? खिशात वही ठेवता का? आणि इंदिरानगरहून सकाळी तासाभरात जाऊन येता येईल अशी निवांत जागा कुठली? गोदापार्क सोडून सांगा, तिथे ओळखीचे फार भेटतात. गुरुवारी डिझाइन द्यायचंय.