'औषधाची रिॲक्शन': वावडं, बाधणं की पोळणं?

प्रश्न: औषधाच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. 'गंभीर त्वचा प्रतिक्रिया' असं लिहिलं खरं, पण प्रतिक्रिया म्हटलं की मला कुणीतरी मत नोंदवतंय असंच वाटतं. 'वावडं' चालेल का?

प्रतिसाद: वावडं नको. त्यात नावडीची छटा आहे, 'त्याला कष्टांचं वावडं' म्हणतोच की आपण. बोलीत सरळ 'औषध बाधलं' म्हणतात. 'बाधा'ला भुताखेतांचा वास येतो, क्रियापदाला येत नाही.

प्रतिसाद: 'बाधलं' छान, पण किती बाधलं? अंगावर पित्त उठलं तरी बाधलंच. त्या गांधी खाजतात आणि एकेक गांध साधारण दिवसभरात विरते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणजे औषधाने कातडी सुटण्याचा गंभीर आजार, त्याचं तसं नाही. आधी ताप आणि डोळ्यांची आग, मग लालकाळे डाग. ते खाजण्यापेक्षा दुखतात. पुढे फोड येतात, ओठ आणि तोंड आतून सोलतं, बोटाने दाबून सरकवलं तर वरची कातडी सरकते. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर हे नाव. ३० टक्क्यांच्या वर गेली तर 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस', आणि त्यात मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे.

प्रतिसाद: १९५६ साली त्वचारोगतज्ज्ञ लायेल यांनी या दुसऱ्या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा तो उकळत्या पाण्याने पोळल्यासारखा दिसतो असंच म्हटलं होतं. भाजणं विस्तवाने, पोळणं कढत पाण्याने किंवा वाफेने. हा फरक मराठीत आयता आहे, मग वापरायला काय हरकत?

प्रतिसाद: हरकत आहे. 'पोळलं' वाचून लोक म्हणतील, औषध उष्ण पडलं, उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. आणि गोळी चालूच ठेवतील!

मूळ प्रश्नकर्ती: हे पटलं. 'पोळल्यासारखी' अशी उपमाच ठेवते. 'बाधलं'मध्येही एक खोच आहे: ऐकणारा काल रात्रीच्या गोळीकडे बघतो. इथे मात्र औषध सुरू झाल्यावर चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही त्रास सुरू होऊ शकतो. फिटसाठीचं कार्बामाझेपीन, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, सगळ्यांचं तेच. तेव्हा नामाचा नाद सोडून वाक्यच लिहिलं:

'औषध सुरू केल्यापासून महिनाभरात ताप, डोळ्यांची आग, तोंड येणे, किंवा कातडी पोळल्यासारखी दुखून सुटू लागणे यांपैकी काहीही झाले, तर पुढची गोळी घेण्याआधी लगेच रुग्णालयात जा.'

प्रतिसाद: 'तोंड येणे' बदला. तोंड कुणालाही येतं, चार दिवसांत बरं होतं. 'तोंडात फोड येऊन साल निघणे' लिहा.